मागच्या खोलीतला तिसरा डाव

बोरिस स्पास्की 27 फेब्रुवारी 2025 रोजी मॉस्कोत गेला. वय 88. त्या आठवड्यात त्याच्यावर जे लिहून आलं त्यातलं मी बरंच वाचलं, आणि जिथे तिथे सुरुवात जवळपास सारखीच सापडली: 1972 साली बॉबी फिशरकडून हरलेला विश्वविजेता. बुद्धिबळाचा दहावा जगज्जेता, अठराव्या वर्षी ग्रँडमास्टर, कनिष्ठ गटाचा विश्वविजेता, टायग्रन पेट्रोशियनसारख्या चिवट माणसाकडून हिसकावून घेतलेली गादी. एवढं सगळं गाठीशी असताना नावाला चिकटला तो एक पराभव.

मलाही त्या पराभवाकडेच जायचं आहे. कारण तो सामना हरण्याआधी एक वेळ अशी आली होती की स्पास्कीनं नुसती बॅग भरली असती तरी गादी त्याच्याकडे राहिली असती. त्यानं बॅग भरली नाही. याला कुणी भोळेपणा म्हणतं, कुणी मूर्खपणा. बुद्धिबळाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आवडणारा निर्णय तोच आहे, आणि तो पटावर झालेलाच नाही.

सामना 2 जुलैला आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये सुरू व्हायचा होता. स्पास्की वेळेत हजर. फिशर न्यूयॉर्कमध्ये अडून बसलेला: पैसे कमी आहेत, अटी मान्य नाहीत. शेवटी लंडनचा एक धनिक, जिम स्लेटर, यानं स्वतःचे 1,25,000 डॉलर घालून बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, अमेरिकेच्या अध्यक्षांचा सल्लागार हेन्री किसिंजर यानं फोन केला, तेव्हा कुठे स्वारी विमानात बसली. जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे हे स्वतः माजी विश्वविजेते. त्यांनी फिशरला बाद न करता मुदत वाढवून दिली होती. सोव्हिएत बाजू खवळली, आणि तिचं खवळणं रास्त होतं. स्पास्कीनं मागणी केली ती माफीची. फिशरनं स्वतःच्या हातानं माफीपत्र लिहून पाठवलं आणि स्पास्कीनं विषय मिटवला.

पहिला डाव 11 जुलैला झाला. सरळसरळ बरोबरीकडे चाललेल्या त्या डावात एकोणतिसाव्या खेळीला फिशरनं उंटानं कडेचं एक प्यादं खाल्लं. तो उंट परत येणार नाही हे शिकाऊ खेळाडूलाही दिसावं. आजवर या खेळीची विश्लेषणं चालू आहेत. अगदी अचूक खेळलं असतं तर तरीही बरोबरी झाली असती म्हणतात. झाली नाही. फिशर हरला, आणि दोष दिला कॅमेऱ्यांना. सभागृहातल्या चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांची घरघर ऐकू येते, ते काढा, नाहीतर खेळणार नाही. कॅमेरे राहिले. दुसऱ्या डावाला फिशर आलाच नाही. पांढऱ्या मोहऱ्यांमागची खुर्ची रिकामी, घड्याळ चालू, तास संपला, डाव स्पास्कीच्या नावे लागला. दोन–शून्य.

आता जरा हिशेब करू. सामना 24 डावांचा. 12–12 अशी बरोबरी झाली तर गादी जुन्याच विजेत्याकडे. म्हणजे उरलेल्या 22 डावांतून स्पास्कीला फक्त 10 गुण हवे होते. शिवाय रेक्याविकला येईपर्यंत फिशरनं त्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. दोघांत पाच डाव झाले होते. तीन स्पास्कीनं जिंकलेले, दोन बरोबरीत. आणि एवढ्यावरही समाधान नसेल तर सोपा रस्ता समोर होता. मॉस्कोहून क्रीडा समितीच्या प्रमुखांनी फोनवरून तोच सुचवला, किंबहुना बजावला: प्रतिस्पर्धी वेड्यासारखा वागतोय, नियम आपल्या बाजूनं आहेत, परत ये. सोव्हिएत खेळाडूसाठी अशा फोनचा अर्थ काय असतो हे वेगळं सांगायला नको. स्पास्कीनं नकार दिला.

फिशरची नवी अट होती की तिसरा डाव रंगमंचावर नको, प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एखाद्या खोलीत खेळू. स्पास्कीनं मान्य केलं. एरवी टेबल टेनिस खेळायची ती खोली. 16 जुलैला दोघं तिथे आले, तर फिशर पुन्हा कॅमेऱ्यावरून ओरडायला लागला आणि आता स्पास्कीचाही संयम सुटला. तोही निघायच्या बेतात. मुख्य पंच लोथार श्मिड यांनी पुढे सांगितलं की त्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना अक्षरशः खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, खेळा. दोघं खेळले. अकराव्या खेळीला फिशरनं घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवला, जिथे स्पास्की तो उंटानं मारू शकत होता आणि मारताना फिशरच्या राजापुढची प्यादी विस्कटणार होती. पुस्तकी ज्ञान असलेला कुणीही अशी खेळी खेळणार नाही. स्पास्कीनं घोडा मारला, प्यादी विस्कटली, आणि हळूहळू उमगलं की त्या विस्कटलेल्या प्याद्यांनी फिशरच्या बाजूचे रस्ते मोकळे झाले आहेत. डाव तहकूब झाला, दुसऱ्या दिवशी स्पास्कीनं तो सोडला. फिशरचा त्याच्यावरचा हा पहिला विजय.

त्या खोलीत जायला तो का तयार झाला असेल? फिशर त्याला मनापासून आवडायचा हे खरं. समोरच्याची प्रतिभा आणि समोरच्याचा त्रागा यांचा हिशेब तो वेगवेगळा ठेवू शकत असे. थोडा माजही असेल. ज्यानं आपल्याला कधी हरवलं नाही त्याला खोली काय, तळघर दिलं तरी काय बिघडतं? पण मला वाटतं मुख्य कारण याहून साधं होतं. त्याला डाव हवे होते. सामन्याला येऊन सामना न खेळता जिंकणं ही कल्पनाच त्याच्या पचनी पडत नव्हती. आणि हरण्याची भीती घालून त्याला हलवता आलं नाही, कारण हरणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं जवळून पाहिलेला विश्वविजेता क्वचितच असेल.

त्यासाठी मागे जावं लागेल. जन्म 30 जानेवारी 1937, लेनिनग्राड. जर्मन फौजांचा वेढा पडायच्या बेतात असताना 1941 च्या उन्हाळ्यात शहरातली मुलं बाहेर हलवली गेली, त्यांत चार वर्षांचा बोरिस आणि त्याचा मोठा भाऊ. रवानगी किरोव्ह प्रांतातल्या बालगृहात. बुद्धिबळाच्या चाली त्या काळात कळल्या. पुढे आईवडिलांची गाठ पडली, मग वडील घर सोडून गेले, आणि 1946 मध्ये आई तीन मुलांना घेऊन लेनिनग्राडला परतली. (धाकटी बहीण इराइदा पुढे ड्राफ्ट्स या सोंगट्यांच्या खेळाची सोव्हिएत विजेती झाली. त्या घरात पटाचं काहीतरी होतं खास.) त्या वर्षी उन्हाळ्यात नेवा नदीतल्या बेटावरच्या बागेत त्याला एक काचेचा मंडप दिसला, आत लोक बुद्धिबळ खेळत बसलेले. नऊ वर्षांचा पोरगा दिवसचे दिवस तिथे. हंगाम संपून मंडप बंद झाला तेव्हा त्याची जी अवस्था झाली ती त्यानं म्हातारपणीही रंगवून सांगितली आहे.

मंडपाला पर्याय म्हणून पायोनियर पॅलेस सापडला आणि तिथे व्लादिमीर झाक हे शिक्षक. झाक यांनी पायाभरणी केली आणि सरकारकडून मुलाला मासिक मानधन मिळवून दिलं. अकराव्या वर्षी बोरिस घरातला कमावता झाला. सोव्हिएत बुद्धिबळाच्या कौतुकात ही गोष्ट सहज सांगून टाकली जाते, पण मला ती वाचताना जड वाटतं. हरलास तर घरात चूल कशी पेटणार, हा विचार त्या वयात पटापाशी घेऊन बसायचं.

नंतरचे गुरू अलेक्झांडर तोलुश, हल्ल्याचे भोक्ते. त्यांच्या हाताखाली स्पास्कीच्या खेळाला धार आली. 1953 मध्ये बुखारेस्टला त्यानं स्मिस्लोव्हला हरवलं, 1955 मध्ये अँटवर्पला कनिष्ठ विश्वविजेतेपद, त्याच वर्षी गॉथेनबर्गच्या इंटरझोनलमधून (ही पात्रता स्पर्धा) कँडिडेट्ससाठी, म्हणजे विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठी, पात्र. त्या काळचा जगातला सर्वांत तरुण ग्रँडमास्टर. सगळ्यांना वाटलं, झालं, आता दोन-तीन वर्षांत हा गादीवर.

लागली चौदा.

1958, रिगा. सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेची शेवटची फेरी, समोर मिखाइल ताल, आणि प्रेक्षक सगळे तालचे, कारण गाव त्याचं. डाव तहकूब झाला तेव्हा स्पास्कीची बाजू वरचढ होती. तो रात्रभर विश्लेषण करत जागला आणि सकाळी दाढीही न करता पटावर आला. ताल ताजातवाना. हळूहळू वरचढपणा ओसरला, स्पास्कीनं बरोबरी देऊ केली, तालनं ती नाकारली आणि डाव जिंकला. ताल त्या वर्षी सोव्हिएत विजेता झाला, तिथून इंटरझोनल, कँडिडेट्स, आणि 1960 मध्ये थेट विश्वविजेतेपद. स्पास्की त्या सकाळी सभागृहातून बाहेर पडला आणि रस्त्यात लहान पोरासारखा रडला. हे त्यानं स्वतःच सांगितलंय. लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

1961 मध्ये मॉस्कोला पुन्हा तेच. पुन्हा शेवटची फेरी, या वेळी लिओनिद स्टाइन, पुन्हा हार, पुन्हा इंटरझोनल हुकली. तोलुशपासून तो आधीच दुरावला होता, पहिलं लग्नही मोडलं. त्या घटस्फोटाबद्दल त्यानं म्हटलेलं वाक्य बुद्धिबळात म्हणीसारखं झालंय: आम्ही दोघं विरुद्ध रंगाच्या घरांतल्या उंटांसारखे होतो. न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, असे दोन उंट एकाच पटावर आयुष्यभर फिरले तरी एकमेकांच्या घरात पाऊल ठेवू शकत नाहीत.

त्याला उभं केलं ते इगोर बोंदारेव्हस्की यांनी. शिस्त, व्यायाम, आणि नुसत्या हल्ल्यावर अवलंबून न राहता सगळ्या प्रकारच्या स्थिती खेळायची तयारी. 1961 च्या अखेरीस बाकूला स्पास्की पहिल्यांदा एकटा सोव्हिएत विजेता झाला. 1965 मध्ये कँडिडेट्स पहिल्यांदाच बाद पद्धतीच्या सामन्यांनी झाली आणि त्यानं ओळीनं पॉल केरेस, येफिम गेलर आणि ताल यांना संपवलं. केरेसशी शांतपणे, गेलरशी हल्ला करून, तालशी तालला नको असलेल्या रुक्ष स्थितींमध्ये ओढत नेऊन. प्रत्येकाला त्याच्या नावडत्या गावी घेऊन जाण्याची ही जी कला आहे, तिच्यामुळे स्पास्कीची स्वतःची शैली कोणती हे सांगणं अवघड होतं. ताल म्हटलं की बलिदान, पेट्रोशियन म्हटलं की तटबंदी, कार्पोव्ह म्हटलं की गळा आवळणं. स्पास्की म्हटलं की? सगळंच. मला वाटतं त्याची लोकप्रियता कमी पडण्याचं हे एक कारण असावं. ज्याचं नाव एका युक्तीला जोडता येत नाही तो लक्षात ठेवायला अवघड.

1966 चा पेट्रोशियनविरुद्धचा सामना तो एका गुणानं हरला, 12½–11½. आव्हानवीर हरला की परत रांगेत. स्पास्की पुन्हा रांगेत उभा राहिला आणि 1968 मध्ये गेलर, लार्सन, कोर्चनोई अशी चळत पार करून पुन्हा पेट्रोशियनसमोर येऊन बसला. 1969 मध्ये मॉस्कोला, 12½–10½. त्या सामन्यातला एकोणिसावा डाव चोवीस खेळ्यांत संपला. पेट्रोशियनच्या राजाचा वाडा स्पास्कीनं असा फोडला की वाड्याचा मालक हतबल होऊन पाहत राहिला.

आणि मग गादी मिळाल्यावर त्याचं काय झालं? फारसं काही नाही, हीच गंमत. स्पर्धांमध्ये खेळ मध्यम. पुढे मुलाखतींत त्यानं सांगितलं की विश्वविजेतेपदाची ती तीन वर्षं त्याच्या आयुष्यातली सर्वांत दुःखी होती. ज्या व्यवस्थेनं त्याला अकराव्या वर्षी पगार दिला तिला आता त्याच्याकडून पुतळा हवा होता, आणि त्याला पुतळा होता येत नव्हतं. तो पक्षाचा सभासद नव्हता. अमेरिकेतली कम्युनिस्ट कार्यकर्ती अँजेला डेव्हिस हिच्या समर्थनार्थ निघालेल्या सामूहिक पत्रकावर त्यानं सही केली नाही. जे मनात येई ते बोलून टाकी, आणि ते ऐकून वरिष्ठांना घाम फुटे. सामन्याच्या वर्षाच्या सुरुवातीला बोंदारेव्हस्कीही सोडून गेले. फिशरची तयारी भूक लागल्यासारखी चाललेली, आणि इकडे स्पास्की टेनिसमध्ये रमलेला. रेक्याविकला तो गेला तेव्हा त्याच्या सोबत गेलर, क्रोगिअस आणि नेइ हे जाणकार मदतनीस होते, पण त्याला रागावू शकेल असं कुणी नव्हतं. आळशीपणाचा दोष त्याच्या माथी मारतात तो मला मान्य आहे. त्या सामन्यासाठी त्यानं करायला हवी होती तेवढी मेहनत केली नाही.

तिसऱ्या डावानंतर घसरण झाली ती झालीच. पाचव्या डावात स्पास्कीच्या वजिराची एक चाल चुकली आणि फिशरच्या उंटानं एका प्याद्यावर झडप घातल्याबरोबर डाव खलास. सहावा डाव मात्र थांबून बघण्यासारखा आहे. फिशर आयुष्यभर राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरुवात करणारा; त्या दिवशी त्यानं वजिराच्या बाजूचं प्यादं काढलं आणि डाव क्वीन्स गँबिट नावाच्या सुरुवातीकडे वळवला, तोही स्पास्कीच्या हातखंडा बचावात. म्हणजे त्याच्या अंगणात जाऊन त्याला हरवायचं. आणि हरवलं, इतकं सुंदर की डाव संपल्यावर सभागृहात टाळ्या वाजल्या आणि स्पास्कीही टाळ्या वाजवू लागला. हरलेला विश्वविजेता मंचावर आपल्याच पराभवाला दाद देतोय. फिशरवर त्याचा फार परिणाम झाला असं सांगतात. मॉस्कोत काय परिणाम झाला असेल याची कल्पना करावी.

अकराव्या डावात स्पास्कीनं घोडा परत पहिल्या ओळीत नेला, घरी, सुरुवातीच्या जागेवर, आणि फिशरचा विषारी प्याद्याचा आवडता प्रकार पार उधळून लावला. प्यादं खायला आत शिरलेला वजीर कोंडून पडला. हा डाव फारसा कुणी आठवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिला. तेरावा फिशरनं जिंकला, असा की डाव सोडून दिल्यावरही स्पास्की बराच वेळ पटाकडे पाहत बसला होता. त्यानंतर ओळीनं सात डाव बरोबरीत. मध्ये सोव्हिएत बाजूनं आरोप केला की सभागृहात कुठली तरी रसायनं किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रं वापरून आमच्या खेळाडूवर परिणाम केला जातोय. खुर्च्यांचे एक्स-रे काढले गेले, दिवे उघडून पाहिले. दिव्यात दोन मेलेल्या माश्या मिळाल्या. एकविसावा डाव तहकूब झाला आणि 1 सप्टेंबरला स्पास्कीनं फोन करून कळवलं की तो पुढे खेळायला येणार नाही. 12½–8½.

इथे बहुतेक लेख संपतात. स्पास्कीची कारकीर्द इथे संपत नाही, आणि मला वाटतं त्याचा स्वभाव खरा कळतो तो इथून पुढे.

1973 च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत कार्पोव्ह, पेट्रोशियन, ताल, स्मिस्लोव्ह, कोर्चनोई सगळे होते. पहिला आला स्पास्की. वर्षापूर्वी ज्याचं नाव घ्यायला अधिकारी कचरत होते त्यानं अशा मैदानात सगळ्यांना मागे टाकावं! पण 1974 च्या कँडिडेट्स उपांत्य सामन्यात तरुण कार्पोव्हनं त्याला चार विरुद्ध एक असं नमवलं आणि काळ बदलल्याचं स्पष्ट झालं. फ्रेंच दूतावासात काम करणाऱ्या स्त्रीशी त्यानं तिसरं लग्न केलं आणि 1976 मध्ये फ्रान्सला राहायला गेला. पळून नव्हे, रीतसर परवानगीनं. 1978 मध्ये फ्रेंच नागरिकत्व. पुढे ऑलिंपियाडमध्ये तो फ्रान्सकडून खेळला.

1977 मध्ये नियतीनं त्याला परत रेक्याविकलाच धाडलं, कँडिडेट्सच्या सामन्यासाठी, चेकोस्लोव्हाकियाच्या व्लास्तिमिल होर्टसमोर. सामना चालू असताना स्पास्कीला अपेंडिसायटिस झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. खेळाडूला डाव पुढे ढकलण्याची जी मुभा असते ती त्याची वापरून संपली. नियमाप्रमाणे तो बाद. होर्टनं स्वतःच्या वाट्याच्या सुट्ट्या घेतल्या, म्हणजे स्पास्कीला बरं व्हायला वेळ मिळेल. नंतर एका डावात होर्ट जिंकत असताना विचारात गढला आणि घड्याळाचा काटा पडला. वेळ संपली म्हणून डाव हातचा गेला. सामना स्पास्कीनं 8½–7½ असा जिंकला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मागच्या खोलीची आठवण झाली. पाच वर्षांपूर्वी त्याच गावात स्पास्कीनं जे केलं होतं तेच होर्टनं त्याच्यासाठी केलं: नियमानं मिळणारा विजय नाकारला. आणि त्याचीही किंमत त्याला मोजावी लागली. बुद्धिबळाच्या नियमावलीत या वागण्याला कुठे गुण नाहीत. मला हे दोन सामने एकत्र लावून पाहायला आवडतं. त्यामुळे स्पास्कीचं वागणं एका लहरी माणसाची हौस वाटत नाही, त्या पिढीत खेळाबद्दल एक समज होती असं वाटतं. मात्र ती सगळ्यांत होती असं म्हणायची सोय नाही. त्याच वर्षअखेरीस बेलग्रेडला कोर्चनोई आणि स्पास्की समोरासमोर आले तेव्हा दोघांचं इतकं बिनसलं की स्पास्की मंचावरच्या पडद्याआड बसून दर्शनी पटाकडे बघत विचार करायचा आणि फक्त चाल करायला टेबलाशी यायचा. सामना कोर्चनोईनं जिंकला. संतपणाची पताका स्पास्कीच्या खांद्यावर द्यायची असेल तर हा प्रकार आठवावा.

त्यानंतर 1983 मध्ये लिनारेसला कार्पोव्हच्या पुढे पहिला क्रमांक, एवढी एक झळाळी. बाकी बरोबऱ्याच बरोबऱ्या, त्याही अनेकदा वीस खेळ्यांच्या आत. टेनिस मात्र जोरात. यावर टीका व्हायची. मला ती बिनमहत्त्वाची वाटते. अकराव्या वर्षापासून घर चालवण्यासाठी खेळलेल्या माणसानं पंचेचाळिशीनंतर थोडं अंग सैल सोडलं तर सोडू द्यावं.

1992 चा सामना हा वेगळाच मामला. वीस वर्षं अज्ञातवासात गेलेला फिशर उगवला तो युगोस्लाव्हियात, स्वेती स्टेफान आणि बेलग्रेड इथे, 50 लाख डॉलरच्या बक्षिसासाठी, आणि प्रतिस्पर्धी म्हणून त्याला हवा होता स्पास्कीच. युगोस्लाव्हियावर निर्बंध होते. अमेरिकेनं फिशरला मनाई केली तर तो त्या कागदावर पत्रकारांसमोर थुंकला. फिशरनं दहा डाव जिंकले, स्पास्कीनं पाच. डावांचा दर्जा अधूनमधून चांगला, बराचसा नाही. त्याबद्दल जास्त लिहावं असं मला वाटत नाही. फिशरवर अमेरिकेत वॉरंट निघालं, फ्रेंच नागरिक असलेल्या स्पास्कीला कुणी हात लावला नाही, आणि हा फरक त्याला टोचत राहिला असावा. कारण 2004 मध्ये फिशर जपानमध्ये पकडला गेला तेव्हा स्पास्कीनं अमेरिकेच्या अध्यक्षांना, जॉर्ज बुश यांना पत्र लिहिलं: गुन्हा आम्ही दोघांनी केलाय, मलाही अटक करा, त्याच्याच कोठडीत टाका आणि आम्हाला एक बुद्धिबळाचा संच द्या. फिशर तेव्हा जे बरळत होता, ज्यूंबद्दल, अमेरिकेबद्दल, ते किळसवाणं होतं. स्पास्कीनं पत्रात त्याचं समर्थन केलं नाही, तो दुःखी माणूस आहे एवढं म्हटलं. फिशर शेवटी आइसलँडमध्येच गेला, 2008 च्या जानेवारीत, 64 व्या वर्षी. स्पास्की काही आठवड्यांनी सेल्फोसजवळच्या ज्या छोट्या चर्चच्या आवारात फिशरला पुरलं तिथे जाऊन आला आणि शेजारची जागा रिकामी आहे का, असं तिथल्या लोकांना विचारून त्यांना हसवलं.

2010 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, 2012 मध्ये तो रशियाला परतला. त्या परतण्याभोवती घरगुती वादांचा धुरळा उडाला. त्यात शिरायचं कारण नाही.

त्याचे डाव पाहायचे असतील तर रेक्याविकपासून सुरुवात करू नका एवढंच सुचवीन. 1960 चा ब्रॉन्स्टाइनविरुद्धचा किंग्ज गँबिट (सुरुवातीलाच एक प्यादं देऊ करणारा प्रकार) घ्या, ज्यात त्यानं हत्ती प्याद्याच्या तोंडी तसाच सोडून घोडा पुढे घातला. त्याची अंतिम स्थिती जेम्स बाँडच्या एका चित्रपटात किंचित बदलून वापरली आहे. त्याच वर्षी मार देल प्लाता इथे याच गँबिटनं त्यानं सतरा वर्षांच्या फिशरला हरवलं. फिशरनं चिडून हा प्रकारच खोटा आहे असं सिद्ध करणारा लेख लिहिला, आणि काही वर्षांनी स्वतःही तोच खेळू लागला.

आणि मग 1970 चं बेलग्रेड. सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग, पहिल्या पटावर विश्वविजेता स्पास्की आणि समोर डेन्मार्कचा बेंट लार्सन, ज्याच्यासाठी चक्क फिशरनं पहिला पट सोडला होता. दुसऱ्या फेरीत लार्सननं वजिराच्या बाजूचं घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून सुरुवात केली, जरा खोडी काढल्यासारखी. चौदाव्या खेळीला स्पास्कीनं हत्ती थेट त्याच्या पहिल्या ओळीत कोपऱ्यात नेऊन फुकट दिला, केवळ एका प्याद्याला एक पाऊल पुढे टाकायला सवड मिळावी म्हणून. सतराव्या खेळीला लार्सननं डाव सोडला. विश्वविजेत्याविरुद्ध हरतानाही इतक्या लवकर हरायचं म्हणजे नामुष्कीच. लार्सननं रात्र काढली कशी कोण जाणे, पण पुढच्याच फेरीत तो पुन्हा त्याच पटावर येऊन बसला आणि त्यानं स्पास्कीला हरवलं.